गिंकाकु-जीचे उद्यान आणि नदीकाठची माणसे

बौद्ध राष्ट्रात अस्पृश्यता असू शकते काय, हा प्रश्न आपल्या धम्मवर्गांतून आणि व्याख्यानांनंतरच्या चर्चेतून वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. तथागतांचा धम्म जेथे पोहोचला, तेथे जन्मावर आधारलेली उच्चनीचता टिकू शकत नाही, असे ते उत्तर होय. सिद्धांत म्हणून ते निर्दोष आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला सिद्धांतावर थांबता येत नाही. धम्म एखाद्या देशात गेला म्हणजे काय काय गेले, कोणाच्या हाती गेले आणि तेथील समाजव्यवस्थेशी त्याने झुंज दिली की जुळवून घेतले, हे त्याला पुराव्याने तपासावे लागते.

जपानमध्ये बौद्ध धर्माचा अधिकृत प्रवेश सहाव्या शतकाच्या मध्यास झाला. त्यानंतर तो राजदरबाराचा, सरदारांचा आणि पुढे सामान्य जनतेचाही धर्म झाला. त्याच देशात जन्माने अपवित्र ठरविलेला एक समाज शतकानुशतके गावाबाहेर, नदीच्या पात्रालगत आणि डोंगरउतारावर राहत आला, हेही तितकेच सत्य आहे. या दोन सत्यांचा मेळ कसा घालावयाचा? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार एका उद्यानाच्या आधारे करणार आहोत. ग्रंथ जे सांगत नाहीत, ते कित्येकदा दगड सांगतात.

योशिमासाचे निवासस्थान

क्योतो नगराच्या पूर्वेला डोंगरांची जी रांग आहे, तिला हिगाशियामा, म्हणजे पूर्वेचे डोंगर, असे म्हणतात. या रांगेच्या पायथ्याशी अशिकागा घराण्यातील आठवा शोगुन योशिमासा याने १४८२ मध्ये स्वतःसाठी एक निवासस्थान बांधावयास घेतले. शोगुन म्हणजे राज्याची प्रत्यक्ष सत्ता हाती असलेला लष्करी अधिपती. सम्राट नाममात्र असे. योशिमासाने १४४९ ते १४७३ या काळात हे पद भूषविले. त्याच्याच कारकीर्दीत वारसाच्या तंट्यातून ओनिन युद्ध पेटले. १४६७ ते १४७७ अशी दहा वर्षे ते चालले आणि क्योतो नगराचा मोठा भाग त्यात जळून गेला. जोदो-जी हा विहारही त्यात नष्ट झाला. त्याच विहाराच्या जागेवर योशिमासाने आपल्या निवृत्तीचे घर उभारले.

१४८३ मध्ये तो तेथे राहावयास गेला. १४८६ मध्ये तोगुदो हे बुद्धगृह पूर्ण झाले. १४८९ मध्ये दुमजली अवलोकितेश्वर-मंदिराची उभारणी झाली. पुढे तेच चंदेरी प्रासाद, म्हणजे गिंकाकु, या नावाने प्रसिद्धीस आले. १४९० च्या प्रारंभी योशिमासा मरण पावला आणि निवासस्थानाचे रूपांतर जिशो-जी या झेन विहारात झाले. आज हा विहार रिन्झाई झेनच्या शोकोकु-जी शाखेखाली आहे. १९९४ मध्ये प्राचीन क्योतोच्या वास्तूंबरोबर त्याला जागतिक वारसास्थानाचा दर्जा मिळाला. मूळच्या इमारतींपैकी तोगुदो आणि चंदेरी प्रासाद या दोनच आज उभ्या आहेत.

प्रासादाच्या नावाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यावर चांदी कधी चढविलीच गेली नाही. २००७ मध्ये झालेल्या शास्त्रीय तपासणीतही चांदीचा मागमूस आढळला नाही. एखाद्या वास्तूविषयी जनमानसात रूढ झालेली समजूत आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर असू शकते, याचे हे साधे उदाहरण होय. याच वास्तूच्या उद्यानाविषयी याहून मोठे अंतर पडले आहे. त्याचा विचार पुढे येईल.

योशिमासाच्या रसिकतेची कीर्ती मोठी आहे. चहापानाचा विधी, पुष्परचना, शाईचित्रे, नो नाट्य या साऱ्यांची जपानी अभिरुची ज्या काळात घडली, त्या काळाला हिगाशियामा संस्कृती असेच नाव आहे. परंतु या कीर्तीची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. १४६०-६१ मध्ये क्योतोत भीषण दुष्काळ पडला. गावोगावची भुकेली माणसे राजधानीकडे आली आणि रस्त्यांवर मरू लागली. कामो नदीचे पात्र प्रेतांनी भरले. एका भिक्खूने मृतांसाठी लाकडाच्या ८४,००० लहान स्तूपपट्टिका तयार केल्या आणि प्रत्येक प्रेतावर एक ठेवीत गेला. शेवटी २,००० पट्टिका उरल्या. यावरून मृतांचा आकडा ८२,००० असल्याची नोंद समकालीन रोजनिशीत मिळते. महावंसात सम्राट अशोकाने ८४,००० विहार उभारल्याचे वर्णन आहे. त्या संख्येचा असा उपयोग करण्याची वेळ एका भिक्खूवर आली. याच काळात गान्आमी नावाचा एक साधू भुकेल्यांना पेज वाटीत होता आणि योशिमासाचे राजवाड्याचे व बागांचे काम चालूच होते. सम्राट गो-हानाझोनो याने एक कविता पाठवून शोगुनची कानउघाडणी केली, असा वृत्तान्त आहे. पुढे हिगाशियामाच्या बांधकामासाठीही आसपासच्या जमीनदाऱ्यांवर पैशाचा व वेठीच्या मजुरांचा बोजा टाकण्यात आला.

शरदातील उद्यान

नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही हे उद्यान पाहिले. आपल्याकडे कार्तिक सरत असतो, त्या दिवसांत क्योतोतील मेपलची झाडे लाल आणि केशरी होतात. प्रवेशाचा मार्ग सुमारे ५० मीटर लांबीचा आहे. दोन्ही बाजूंना दगड, बांबू आणि कॅमेलियाची उंच कुंपणे आहेत. त्यांच्यामधून चालताना बाहेरचे काहीही दिसत नाही आणि वळण घेताच एकदम पांढऱ्या वाळूचे विस्तीर्ण पटांगण समोर येते. वाळूवर फाळाने ओढावे तसे सरळ पट्टे ओढलेले आहेत. शेजारी वाळूचाच, माथा सपाट असलेला, पुरुषभर उंचीचा शंकू आहे. ही वाळूची रचना योशिमासाच्या काळची नसून नंतरच्या इडो काळातील असावी, असे अभ्यासक मानतात.

पलीकडे तळे आहे. त्यातील बेटे, दगडी पूल आणि काठावरचे खडक असे मांडले आहेत की चार पावले पुढे गेल्यावर दृश्य बदलते. मूळ कल्पना साईहो-जी या विहाराच्या उद्यानावरून घेतलेली आहे. मुसो सोसेकी या झेन आचार्याने चौदाव्या शतकात घडविलेल्या त्या उद्यानावर योशिमासाचे फार प्रेम होते. वाट पुढे डोंगरावर चढते. तेथे १९३१ मध्ये उत्खनन होऊन मातीखाली गेलेली जुनी खडकांची रचना उघडी झाली. ती योशिमासाच्या काळची मानली जाते. शेवाळावर मेपलची पाने पडली होती. दोन माळी बांबूच्या खराट्याने, शेवाळ उखडणार नाही अशा हलक्या हाताने, ती गोळा करीत होते. प्रवासी पानांची छायाचित्रे घेत होते. माळ्यांकडे कोणी पाहत नव्हते.

तोगुदोतील एका लहान खोलीकडे आम्ही विशेष लक्ष देऊन पाहिले. साडेचार चटयांची ही खोली योशिमासाच्या अभ्यासाची होती. पुढील काळातील जपानी घराच्या बैठकीच्या खोलीचे मूळ तिच्यात शोधले जाते. तिचे नाव दोजिनसाई. सर्वांवर सारखीच करुणा करणारी खोली, असा त्याचा आशय सांगता येईल. ज्ञानी पुरुष सर्वांकडे एकाच दृष्टीने पाहतो आणि सर्वांवर सारखाच स्नेह करतो, या हान यू नावाच्या चिनी विचारवंताच्या वचनावरून ते घेतले आहे. हा हान यू बौद्ध धर्माचा कडवा टीकाकार होता. ८१९ मध्ये त्याने बुद्धाच्या अस्थींच्या पूजेविरुद्ध सम्राटाकडे अर्ज केला होता. बौद्ध शोगुनने आपल्या खोलीसाठी समतेचे नाव शोधले, ते एका बौद्धविरोधकाच्या लेखनात, हा योगायोग लक्षणीय आहे. त्याहून लक्षणीय हे की, खोलीच्या दारासमोर ज्यांनी दगड रचले त्यांना समाजाची ती समदृष्टी लाभली नव्हती.

नदीकाठची माणसे

हे उद्यान कोणी घडविले? परंपरा सोआमी या दरबारी चित्रकाराचे नाव सांगते. आजही उद्यानाबरोबर त्याचेच नाव घेतले जाते. समकालीन रोजनिशा वाचल्या की मात्र वेगळी माणसे दिसू लागतात. त्यांना कावारामोनो म्हणत. कावारा म्हणजे नदीचे कोरडे पात्र. कावारामोनो म्हणजे त्या पात्रात राहणारी माणसे. ही जमीन पुराच्या भयाने ओसाड आणि करमुक्त असे. मेलेली जनावरे ओढून नेणे, त्यांची कातडी सोलणे व कमावणे, विहिरी खोदणे, माती आणि दगड वाहून नेणे ही त्यांची कामे होती. ज्यांच्याकडे झाडे-दगड रचण्याचे काम आले, त्यांना सेन्झुई कावारामोनो म्हणत. सेन्झुई म्हणजे डोंगर आणि पाणी, अर्थात उद्यान. जमीन उकरणे हे त्या काळी दोषास्पद मानले जाई. म्हणून ज्यांना आधीच अपवित्र ठरविले होते त्यांच्याकडे ते काम गेले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मृताचा स्पर्श, रक्ताचा स्पर्श, मातीतील दोष हे सारे एका वर्गाच्या अंगावर टाकून उरलेला समाज स्वच्छ राहिला. आपल्या वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

या कावारामोनोंपैकी सर्वांत मोठा उद्यानकार झेन्आमी. योशिमासाची त्याच्यावर मोठी मर्जी होती. तो आजारी पडला तेव्हा शोगुनने त्याच्यासाठी औषध पाठविले, अशी नोंद आहे. युद्धाच्या काळात तो नारा येथे गेला आणि तेथील दाईजो-इन विहाराच्या उद्यानावर त्याने काम केले. १४८२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ९७ वर्षांचा होता असे लिहून ठेवले आहे. म्हणजे हिगाशियामाचे काम सुरू झाले त्याच वर्षी तो गेला. तेथील उद्यानावर त्याच्या परंपरेतील माणसांचे हात लागले. मुलगा कोशिरो आणि नातू माताशिरो हे त्या परंपरेचे वारस होत. झेन्आमी हे नाव आमी या प्रत्ययाने संपते. हा प्रत्यय अमिताभ बुद्धाच्या जपानी नावावरून, म्हणजे अमिदावरून, आला आहे. बुद्धाचे नाव अंगावर वागविणारा हा मनुष्य समाजाच्या दृष्टीने अपवित्रच राहिला.

शोगुनची मर्जी ही व्यक्तीपुरती होती. तिने वर्गाचे स्थान बदलले नाही. १४२८ मधील एक नोंद या दृष्टीने बोलकी आहे. सम्राटाच्या राजवाड्याच्या बागेत पूर्वी कावारामोनो काम करीत. ते अपवित्र आहेत, त्यांनी आत येणे योग्य नाही, असे ठरवून त्यांना काढण्यात आले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या एका हीन मानलेल्या गटातील माणसे नेमण्यात आली. झाड लावणाऱ्याला बागेतून बाहेर काढले, झाड मात्र राहू दिले. र्‍योआन-जी या विहाराच्या सुप्रसिद्ध दगडी उद्यानातील एका खडकाच्या मागच्या बाजूस कोतारो हे एक नाव आणि दुसरे एक अर्धवट पुसट नाव कोरलेले आहे. ही नावे कावारामोनोंची असावीत असा तर्क केला जातो. दगडाची दर्शनी बाजू पाहणाऱ्यांसाठी होती. करणाऱ्याला आपले नाव पाठीमागे कोरावे लागले.

माताशिरोची प्रतिज्ञा

या सर्व पुराव्यांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो माताशिरोच्या बोलण्याचा वृत्तान्त. १४८९ मध्ये, म्हणजे चंदेरी प्रासाद उभा राहिला त्याच वर्षी, शोकोकु-जीतील केइजो शूरिन या विद्वान झेन भिक्खूने तो आपल्या रोजनिशीत उतरवून घेतला. माताशिरो त्याला म्हणाला की, आपण जनावरे मारणाऱ्यांच्या घरात जन्मलो याचे आपल्याला मनापासून दुःख आहे. म्हणून कोणत्याही प्राण्याचा जीव घ्यावयाचा नाही अशी शपथ आपण घेतली आहे आणि धनाचा लोभ धरावयाचा नाही असेही मनाशी ठरविले आहे. भिक्खूने हे बोलणे आदराने नोंदविले आणि माताशिरो हा खरा माणूस आहे, अशा अर्थाची प्रशंसा केली.

पालीच्या अभ्यासकाला या दोन वाक्यांत ओळखीचे काही ऐकू येते. पहिली शपथ म्हणजे पाणातिपाता वेरमणी. दुसरी म्हणजे अभिज्झेचा, लोभाचा त्याग. माताशिरोने पाली ग्रंथ पाहिले असण्याचा संभव नाही. शीलाचे सार मात्र त्याला गवसले होते. संयुत्त आणि अंगुत्तर निकायांत चार प्रकारच्या व्यक्तींचे वर्णन आहे. त्यांतील एक अंधारातून उजेडाकडे जाणारी, तमोजोतिपरायण. चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस अशा त्या काळी हीन मानलेल्या, अन्नवस्त्राला महाग असलेल्या कुळात जन्म घेऊनही जी व्यक्ती काया, वाचा, मनाने सदाचरण करते ती ही होय. उलट, संपन्न कुळात जन्मून दुराचरण करणारी व्यक्ती उजेडातून अंधाराकडे जाते. हा उपदेश कोसलराज पसेनदीला केलेला आहे, म्हणजे राजाला ऐकविलेला आहे, हे विसरता कामा नये. येथे अंधार म्हणजे समाजाने लादलेले दैन्य. माणसाचे मूल्य त्यावरून ठरत नाही, हाच उपदेशाचा गाभा आहे.

तरीही माताशिरोच्या बोलण्यातील एक शब्द आम्हांला अस्वस्थ करतो. तो म्हणजे दुःख. जन्माचे दुःख त्याला का व्हावे? ज्या समाजाने त्याच्या पूर्वजांकडून मेलेली जनावरे उचलून घेतली, त्यांच्या कातड्याची चिलखते आणि खोगिरे वापरली, त्या समाजाला दुःख झाल्याची नोंद नाही. जिवाची हत्या न करण्याचे शील सर्वांसाठी होते. त्याच्या भंगाचा डाग मात्र एकाच वर्गाच्या जन्मावर बसला आणि तोही पिढ्यान् पिढ्या. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षाच्या ठरावीक महिन्यांत खाण्यास बंदी केली. पुढे देशी परंपरेतील विटाळाची कल्पना आणि बौद्ध अहिंसा यांची सांगड पडली. अहिंसेच्या शीलाचे अशा रीतीने विटाळाच्या नियमात रूपांतर झाले. शील हे करणाऱ्याने पाळावयाचे असते. विटाळ दुसऱ्याच्या अंगावर पाहावयाचा असतो.

मूळ धम्मात या रूपांतराला आधार नाही. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात दुर्गंधी मांसात नसून क्रौर्यात, असत्यात आणि कपटात आहे असे प्रतिपादन आहे. वसल सुत्तात माणूस जन्माने नव्हे तर कर्माने हीन ठरतो असे सांगून चांडाळपुत्र मातंगाचा दाखला दिला आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. तेथे व्यापार सोडावयास सांगितला आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला गावाबाहेर ठेवावयास सांगितलेले नाही. थेरगाथेतील स्थविर सुनीत हे वाळलेली फुले झाडून टाकणाऱ्या कुळातील होते. त्यांना संघात प्रवेश मिळाला आणि अर्हत्पद प्राप्त झाले. राजगृहाचे झाडूवाले आणि क्योतोचे उद्यानकार यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे. पहिल्यासाठी संघाचे दार उघडले गेले. दुसऱ्याची भिक्खूने प्रशंसा केली आणि रोजनिशी मिटून ठेवली. धम्माच्या ऱ्हासाचे माप यापेक्षा नेमके कोठे मिळणार?

एका शब्दाचा प्रवास

येथे आपल्या भूमीवरही एक जबाबदारी येते. चांडाळ हा शब्द सूत्रांच्या चिनी भाषांतरांतून सेन्दारा या रूपाने जपानमध्ये गेला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील चिरिबुकुरो या कोशग्रंथात एता या, म्हणजे अत्यंत मलिन अशा अर्थाच्या, तुच्छतादर्शक शब्दाचे स्पष्टीकरण करताना भारतातील चांडाळाची तुलना दिली आहे. सुखावती पंथाच्या एका प्रमुख सूत्रात अजातशत्रू आपल्या आईला मारावयास निघतो, तेव्हा अमात्य त्याला सांगतात की मातृवध हे क्षत्रियाचे नव्हे, चांडाळाचे कृत्य आहे. ज्या ग्रंथातून करुणा शिकवावयाची त्याच ग्रंथातून वर्णव्यवस्थेचा हा अवशेषही पोहोचला. प्रवचनकारांनी त्याचा अर्थ लावताना तो आपल्या शेजारच्या माणसांवर लावला.

यास एक तेजस्वी अपवाद आहे. निचिरेन या आचार्याने १२७१ मध्ये सादो बेटावरील हद्दपारीच्या वेळी लिहिताना आपण समुद्रकाठच्या चांडाळाचा पुत्र आहोत असे स्वतःविषयी म्हटले. ज्या शब्दाने दुसऱ्यांना हिणवीत होते, तो त्याने आपल्या अंगावर घेतला. हा मार्ग पुढे फारसा कोणी चालला नाही. विहारांनी या समाजातील मृतांना जनावर, दास, कातडे असा अर्थ सूचित करणाऱ्या अक्षरांची मरणोत्तर धर्मनामे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. शील देणाऱ्या हातांनीच हे केले, हे कठोर वाटले तरी सांगितले पाहिजे.

ओकाझाकीची सभा

गिंकाकु-जीच्या दारापासून कालव्याच्या काठाने दक्षिणेस एक पायवाट जाते. ती संपल्यावर थोडे पश्चिमेस वळले की ओकाझाकी हा भाग लागतो. १८७१ मध्ये जपान सरकारने हीनदर्शक नावे रद्द करून या समाजाला कायद्याने इतर प्रजेच्या बरोबरीचे ठरविले होते. परंतु तिरस्कार कायम राहिला होता. या पार्श्वभूमीवर ३ मार्च १९२२ रोजी ओकाझाकीच्या सार्वजनिक सभागृहात सुईहेईशा, म्हणजे समतल करणाऱ्यांची संघटना, स्थापन झाली. पाण्याची पातळी जशी सर्वत्र सारखी असते, तशी माणसांची असावी, असा या नावाचा अर्थ. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची हे नारा प्रांतातील एका बौद्ध विहारातच जन्मले होते. कातडी सोलणारे पूर्वज हे लाजेचे कारण नसून अभिमानाचे आहेत, अशी भूमिका या जाहीरनाम्याने घेतली. माताशिरोच्या दुःखाला ४३३ वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

याच सभेने आणखी एक ठराव केला. या समाजातील बहुसंख्य लोक पूर्व आणि पश्चिम होंगान-जी या दोन धर्मपीठांचे अनुयायी होते. आमच्या चळवळीविषयी तुमचे खरे मत काय आहे, असा जाब त्या पीठांना विचारण्याचे सभेने ठरविले. लगेच पुढे २० वर्षे पीठांना वर्गणी न देण्याची हाकही दिली गेली. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : माणसाला माणूस म्हणून मान्यता आहे की नाही? एक महत्त्वाचा भेद मात्र होता. महाडला समोर वर्णधर्म होता. क्योतोत समोर आपलाच धम्म सांगणारी पीठे होती.

धर्मपीठांचे आत्मपरीक्षण फार उशिरा सुरू झाले. १९७९ मध्ये प्रिन्स्टन येथील जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाही, असे सांगून परिषदेच्या अहवालातील उल्लेख काढावयास लावला. त्यावर मोठा निषेध झाला. पंथाला चौकशी करावी लागली, भेददर्शक धर्मनामांचे थडग्याथडग्यांवरून सर्वेक्षण करावे लागले आणि १९८४ च्या नैरोबी परिषदेत त्याच पदाधिकाऱ्याने आपले विधान चुकीचे होते हे मान्य केले. नोकरी व विवाह यांच्या वेळी कुळाचा शोध घेण्यासाठी या वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. २०१६ मध्ये जपानच्या संसदेला या भेदभावाच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याने हा भेदभाव अजूनही अस्तित्वात असल्याचे स्पष्टपणे नमूद केले.

आपल्यासाठी या इतिहासाचा अर्थ

जपानविषयी आपल्या मनात कृतज्ञता आहे. जपानमध्ये जन्मलेल्या भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी आपले आयुष्य नागपूरच्या भूमीला वाहिले, हे महाराष्ट्रातील बौद्ध जनता जाणते. म्हणून हा इतिहास आम्ही कोणाला हिणविण्यासाठी मांडलेला नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात भारतातील अस्पृश्यतेचे मूळ बौद्धांविषयीच्या तिरस्कारात आणि गोमांसभक्षणाच्या निषेधात शोधले. जपानचे उदाहरण त्या उपपत्तीला खोडून काढीत नाही, कारण ती भारताविषयी आहे. मात्र ते तिला एक इशारा जोडते. बळी कोण, हे बदलले तरी विटाळाची यंत्रणा तीच राहते. तिला वैदिक पुरोहित मिळाला नाही तर ती बौद्ध पुरोहिताकडूनही काम करून घेते. म्हणूनच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्खूविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केला : केवळ स्वतः पूर्ण पुरुष होणे हे त्याचे प्रयोजन की लोकांची सेवा करणे? केइजो शूरिन विद्वान होता, गुणग्राही होता. परंतु माताशिरोचे दुःख ऐकून त्याने ते दुःख निर्माण करणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध एक शब्द लिहिला नाही. त्याच्या पूर्णत्वाचा माताशिरोला काय उपयोग झाला?

हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्याला जन्माच्या कलंकातून मुक्त केले. परंतु विवाह जुळविताना पूर्वीच्या पोटजातीची चौकशी आजही होते. विहाराचे व्यासपीठ सजविणारे आणि सभा संपल्यावर विहार झाडणारे कोण आहेत, याकडे आपण क्वचितच पाहतो. सफाईचे काम करणाऱ्या, अद्याप धम्मात न आलेल्या जातींशी आपला रोटीबेटीचा व्यवहार किती आहे? चौदाशे वर्षांच्या बौद्ध परंपरेला जे जमले नाही, ते आपल्याला आपोआप जमेल असे मानण्यास आधार नाही. बौद्ध म्हणविणे ही सुरुवात आहे. समता ही रोज आचरावी लागते.

हिगाशियामाचे उद्यान सुंदर आहे, यात शंका नाही. त्या सौंदर्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांची नावे आता रोजनिशांतून आणि खडकांच्या पाठीवरून वाचता येऊ लागली आहेत. बौद्ध कलेच्या इतिहासात, आपल्या अभ्यासवर्गांत आणि आपल्या पाठ्यपुस्तिकांत योशिमासाच्या नावाआधी झेन्आमी आणि माताशिरो यांची नावे घेतली जावीत, असे आम्हांला वाटते. एकाने बुद्धाचे नाव वागविले आणि दुसऱ्याने बुद्धाचे शील पाळले. त्या काळच्या बौद्ध जपानमध्ये धम्म कोठे होता, असे कोणी विचारले, तर तो नदीच्या पात्रातही होता, एवढे आपण पुराव्यानिशी सांगू शकतो.